आयईसी, म्हणजे एक्स्पोर्ट लायसन्स, ५०० रुपयांत निघतो ताई, १८ हजार कशाला देताय?

वाचकाचं पत्र:

ताई नमस्कार, मिरजेजवळ आमचं गाव. घराला लागून पत्र्याच्या शेडमध्ये माझं हळद पावडर आणि कांदा लसूण मसाल्याचं छोटं युनिट आहे, माझ्याच नावावर, जीएसटी नंबर आहे, उद्यम आहे, फूडची साधी नोंदणी आहे. माल सांगली, कोल्हापूर, बेळगावला जातो. मावसबहिणीचे मिस्टर दुबईत असतात, त्यांच्या ओळखीच्या एका सुपरमार्केटवाल्याने ५०० किलो हळद पावडर मागितलीय, पैसे माल पोचल्यावर ६० दिवसांनी देतो म्हणतोय. इथल्या एका एजंटने एक्स्पोर्ट लायसन्सचे १८ हजार सांगितलेत, सोबत बायर लिस्ट पण देणार म्हणे. दीर म्हणतात एवढे कशाला घालवता, माझ्या मित्राचं लायसन्स आहे त्यावर पाठवू. मिस्टर म्हणतात लायसन्स काढलं की दरवर्षी रिटर्न भरा, नोटिसा येतील, नको ती भानगड. शिवाय माझं पॅन माहेरच्या नावाने आहे आणि शेडचं लाईट बिल सासऱ्यांच्या नावावर. काय करू?

ताई, तुमचं पत्र वाचून खूप बरं वाटलं, कारण तुम्ही सगळं आधी विचारलंत, माल गेल्यावर नाही. आधी थेट उत्तर देते आणि मग एकेक गोष्ट सविस्तर. लायसन्स काढा, तुमच्याच नावाने काढा, स्वतः बसून काढा. एजंटला १८ हजार देऊ नका. दिरांच्या मित्राचं लायसन्स ते म्हणतायत तसं वापरू नका, पण त्यांच्यामार्फत माल पाठवायचा एक सरळ रस्ता आहे तो खाली सांगते. आणि पहिल्याच ऑर्डरला ६० दिवसांची उधारी, तीही ज्याला तुम्ही कधी भेटला नाहीत त्याला, ही मात्र मला अजिबात पटत नाही.

सगळे ज्याला एक्स्पोर्ट लायसन्स म्हणतात तो म्हणजे आयईसी, इम्पोर्टर एक्स्पोर्टर कोड. १९९२ च्या परकीय व्यापार कायद्याने तो लागतो आणि केंद्र सरकारच्या वाणिज्य मंत्रालयाखालचं डीजीएफटी तो देतं. दहा अंक-अक्षरांचा नंबर असतो, पूर्वी तो वेगळा मिळायचा पण २०१७ ला जीएसटी आल्यापासून तुमचा पॅन नंबर हाच तुमचा आयईसी नंबर. म्हणजे नंबर आत्ताही तुमच्या पर्समध्ये आहे, तो फक्त डीजीएफटीकडे चालू करून घ्यायचाय. सरकारी फी ५०० रुपये, एकदाच. त्याला मुदत संपण्याची तारीख नसते, अमुक इतका टर्नओव्हर हवा अशी अट नाही, आयात आणि निर्यात दोन्हीला हाच एक नंबर चालतो, आणि एका पॅनवर एकच आयईसी मिळतो त्यामुळे उद्या तुम्ही तुमच्या नावाने पापडाची दुसरी फर्म काढली तरी नवा काढावा लागत नाही. काही वस्तूंना याशिवाय वेगळी परवानगी लागते कारण त्या सरकारच्या निर्बंध असलेल्या यादीत असतात, पण हळद निर्यातीला खुली आहे, तिथे तुम्हाला अडचण नाही.

आता खरी अडचण कुठे आहे तर ती पॅनमध्ये, आणि ती फॉर्म भरायला बसण्याआधी सोडवा. आपल्याकडे लाखो बायकांचं हे असंच असतं, पॅन कॉलेजात किंवा पहिल्या नोकरीत काढलेलं म्हणून वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, आधार लग्नानंतर बदललेलं, बँकेत तिसरंच काहीतरी, कुठे मधलं नाव आहे कुठे नाही. एरवी चालून जातं. पण डीजीएफटीचं पोर्टल पॅनवरचं नाव आणि जन्मतारीख इन्कम टॅक्सच्या रेकॉर्डशी तिथल्या तिथे ताडून बघतं, आणि शेवटी सही करायची ती आधारच्या ओटीपीने, मग बँकेचा चेक, मग कस्टमचं आइसगेट पोर्टल, मग परदेशातून येणारे पैसे, प्रत्येक ठिकाणी नाव जुळायला लागतं आणि दुबईहून पैसे आलेत आणि बँक नावावरून अडून बसलीय ही वेळ कुणावर येऊ नये. म्हणून आधी पॅनवरचं नाव दुरुस्त करून घ्या. ऑनलाइन करेक्शनचा अर्ज असतो, प्रोटीनकडे (पूर्वीचं एनएसडीएल) किंवा यूटीआयकडे, सोबत विवाह नोंदणी दाखला किंवा गॅझेट लागतं. पॅन नंबर तोच राहतो, फक्त नाव बदलतं, त्यामुळे तुमचा जीएसटी नंबर वगैरे बदलायची भीती बाळगू नका. नाव बदलून आलं की जीएसटी, उद्यम आणि बँक या तिन्हीकडे तेच नाव, त्याच स्पेलिंगने करून घ्या. नाव बदलायचंच नसेल, माहेरचंच नाव ठेवायचं असेल तर तेही शंभर टक्के चालतं, मग आधार आणि बाकीचं माहेरच्या नावावर आणा, कायद्याने तुम्हाला कुणी अडवू शकत नाही. कुठलंही ठेवा पण एकच ठेवा.

लाईट बिलाचं मात्र टेन्शन घेऊ नका. सासऱ्यांच्या नावावर बिल असलं तरी चालतं, त्यांच्याकडून एका कागदावर संमतीपत्र लिहून घ्यायचं की माझ्या मालकीच्या या जागेत अमुक फर्म व्यवसाय करते आणि माझी हरकत नाही, खाली सही, आणि हे पत्र आणि लाईट बिल दोन्ही एकाच पीडीएफमध्ये जोडून अपलोड करायचं. दोन वेगळ्या फाइल करू नका. शेडचा पत्ता लिहिताना जीएसटी सर्टिफिकेटवर जसा आहे तसाच, गट नंबर वगैरे सकट.

फॉर्म असा असतो. डीजीएफटीच्या साइटवर जायचं, पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन आहे ना ते नीट बघा कारण गुगलवर सर्च केलं की वर जाहिरातीत ज्या साइट येतात, तिरंगा नि सरकारी दिसणारा रंग असलेल्या, त्यातल्या बऱ्याच खाजगी सल्लागारांच्या असतात आणि तिथे फॉर्म भरला की दोन-तीन हजारांपासून पुढे कितीही मागतात. खऱ्या साइटवर इम्पोर्टर-एक्स्पोर्टर म्हणून लॉगिन बनवायचं, मोबाईल आणि ईमेलवर ओटीपी येतो. मग आयईसीचा अर्ज. फर्मचा प्रकार प्रोप्रायटरशिप निवडा, जीएसटी नंबर टाका, पत्ता टाका, बँकेचा खाते नंबर नि आयएफएससी टाका आणि नाव छापलेला कॅन्सल्ड चेक लावा, चेकवर नाव छापलेलं नसेल तर बँकेचं सर्टिफिकेट. शेवटी आधार ओटीपीने सही आणि ५०० रुपये ऑनलाइन. कागद बरोबर असतील तर बहुतेक वेळा त्याच दिवशी किंवा एक-दोन दिवसांत सर्टिफिकेट ईमेलवर येतं. पुण्या-मुंबईला जायची गरज नाही. मराठी माध्यमात शिकलेय, इंग्रजी फॉर्म जमेल का असं वाटत असेल तर मुलाला किंवा भाचीला शेजारी बसवा, जीएसटीचा फॉर्म ज्याने भरलाय त्याला हा सहज जमतो.

आणि एक गोष्ट फार कळकळीने सांगते. समजा तुम्ही कुणाची मदत घेतलीच, गावातल्या सीएची किंवा ई-सेवा केंद्रवाल्याची, त्यांची वाजवी फी द्या, त्यात काही चूक नाही. पण लॉगिनमध्ये मोबाईल नंबर आणि ईमेल तुमचाच टाकायला लावा, समोर बसून. बरेच एजंट तिथे स्वतःचा ईमेल टाकतात आणि मग दरवर्षी अपडेट करायला, पत्ता बदलायला, बँक बदलायला प्रत्येक ओटीपी त्यांच्याकडे जातो आणि प्रत्येक ओटीपीचे ते पैसे घेतात. तो एजंट उद्या फोन उचलेनासा झाला तर स्वतःचं लॉगिन परत मिळवायला फार धावपळ होते. आणि ती बायर लिस्ट, तिच्यासाठी तर एक रुपया देऊ नका. असल्या लिस्टमध्ये इंटरनेटवरून उचललेले पत्ते असतात, जे कुणीही काढू शकतं, आणि तुमच्याकडे तर घरातल्या माणसाने ओळख करून दिलेला खराखुरा ग्राहक आहे.

मिस्टरांना सांगा की आयईसीला कसलंही रिटर्न नसतं. एक किलो माल नाही गेला तरी कुणी विचारत नाही. फक्त एक काम दरवर्षी करायचं, एप्रिल ते जून या तीन महिन्यांत डीजीएफटीच्या साइटवर लॉगिन करून माहिती बरोबर आहे असं कन्फर्म करायचं, काही बदल नसला तरीही. त्या तीन महिन्यांत ते फुकट आहे. विसरलात तर आयईसी डीॲक्टिव्हेट होतो आणि तो चालू करून घेईपर्यंत तुमचं शिपिंग बिल, म्हणजे कस्टमकडे भरायचा निर्यातीचा कागद, भरलं जात नाही, म्हणजे माल न्हावा शेवाच्या गोदामात आणि भाडं चालू. २०२१ पासून हा नियम आहे आणि अजून कितीतरी जुने व्यापारी यात अडकतात. कॅलेंडरवर एप्रिलच्या पानावर लिहून ठेवा, घरात सगळ्यांना दिसेल असं.

इथपर्यंतचं सगळं सोपं होतं. नंबर हातात आला की एजंट लोक अभिनंदन करून निघून जातात आणि खरं काम तिथून चालू होतं, म्हणून पुढचं जास्त लक्ष देऊन वाचा.

पहिली बँक. तुमचं फर्मचं खातं कुठे आहे ते पत्रात लिहिलं नाहीत. आपल्या भागात बऱ्याच जणांचं जिल्हा बँकेत नाहीतर गावच्या अर्बन बँकेत किंवा पतसंस्थेत असतं, कर्जही तिथूनच मिळालेलं असतं, नातं असतं. पण परदेशी चलनाचा व्यवहार फक्त रिझर्व्ह बँकेने ऑथोराइज्ड डीलर म्हणून परवानगी दिलेल्या बँकाच करू शकतात आणि तुमच्या बँकेला ती नसेल तर निर्यातीचे पैसे तिथे घेता येणार नाहीत. अशा वेळी एखाद्या मोठ्या बँकेत फर्मच्या नावाने करंट अकाउंट उघडा, आणि उघडायच्या आधी विचारा की फॉरेक्सचं काम कुठल्या शाखेतून होतं, कारण तालुक्याच्या शाखेत अनेकदा ते होत नाही, सांगली किंवा कोल्हापूरच्या मोठ्या शाखेत पाठवतात. आयईसीत बँकेचे डिटेल जातात म्हणून हे खातं आयईसीच्या अर्जाआधीच उघडलंत तर उत्तम. मग त्या बँकेकडून एडी कोडचं (एडी म्हणजे ऑथोराइज्ड डीलर) पत्र घ्यायचं आणि ज्या पोर्टवरून माल जाणार तिथे आइसगेटवर तो रजिस्टर करायचा. न्हावा शेवाला केला म्हणजे मुंबई एअरपोर्टला झाला असं होत नाही, पोर्टप्रमाणे करावा लागतो. यासाठी डिजिटल सिग्नेचर काढून ठेवा. इथे मात्र माणूस लावा, कस्टम ब्रोकर, ज्याला सगळे सीएचए म्हणतात. शिपिंग बिल भरणं, कस्टम क्लिअरन्स, कंटेनरमध्ये जागा बघणं हे त्याचं रोजचं काम आहे आणि एजंटला द्यायचे वाचलेले पैसे तिथे सत्कारणी लागतील. निर्यातीवर सरकार जे काही परत देतं, रोडटेप किंवा ड्रॉबॅक, त्याचा क्लेमही शिपिंग बिलातच करायचा असतो हे त्याला आधी आठवण करून द्या.

दुसरं तुमची फूड नोंदणी. तुमच्याकडे जी साधी नोंदणी आहे ती छोट्या व्यवसायासाठीची, तेवढ्यावर निर्यात होत नाही. एफएसएसएआयचं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं, सेंट्रल लायसन्स लागेल, त्यांच्या फॉसकॉस पोर्टलवर अर्ज होतो. तिसरं मसाला बोर्ड, म्हणजे स्पायसेस बोर्ड, मुख्यालय कोचीला. त्यांच्या यादीत ५२ मसाले आहेत, हळद त्यात आहे, आणि मसाले निर्यात करणाऱ्याला त्यांचं एक्स्पोर्टर म्हणून रजिस्ट्रेशन घ्यावंच लागतं, त्याला क्रेस म्हणतात. व्यापारी म्हणून वेगळं आणि उत्पादक म्हणून वेगळं असतं, तुम्ही स्वतः दळता तर कुठल्यात बसता ते बोर्डाकडून विचारून घ्या. आणि आंबा-द्राक्षवाल्या ओळखीच्यांनी अपेडाचं सांगितलं तर गोंधळू नका, अपेडा फळं-भाज्यांना, तुमच्या हळदीला मसाला बोर्ड. अनेक जण आयईसी मिळाला की बुकिंग करून मोकळे होतात आणि या दोन कागदांवर अडतात.

जीएसटी तुमचा आहेच. निर्यातीवर जीएसटी शून्य, पण माल टॅक्स न भरता पाठवायचा तर एलयूटी, म्हणजे लेटर ऑफ अंडरटेकिंग हे हमीपत्र, भरायला हवं, जीएसटी पोर्टलवरच होतं, फी नाही, आणि दर आर्थिक वर्षाला नवीन.

आता मालाबद्दल बोलू, कारण कागद सगळे मिळाले आणि माल नापास झाला तर उपयोग काय. आपल्या सांगलीच्या हळदीचं नाव जगात आहे, २०१८ ला जीआय (भौगोलिक मानांकन) पण मिळालाय, पण पाकिटावर तो जीआयचा लोगो लावायचा तर अधिकृत वापरकर्ता म्हणून तुमची स्वतंत्र नोंद हवी, नुसतं सांगलीत दळलं म्हणून लावता येत नाही. त्याहून महत्त्वाचं शिसं. हळद जास्त पिवळीधमक दिसावी म्हणून लेड क्रोमेट नावाचा रंग लावण्याचे प्रकार शेजारच्या बांगलादेशात मोठ्या प्रमाणावर उघड झाले आणि तेव्हापासून हळद म्हटलं की परदेशातले लोक शिसं तपासतात, आणि तपासायलाच हवं, लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करणारं विष आहे ते. तुम्ही स्वतः काही मिसळत नसणार याची मला खात्री आहे पण तुम्ही हळकुंड विकत घेता, तेव्हा पॉलिश कुठे झालं, कशाने झालं हे अडत्याला स्पष्ट विचारा, शक्य असेल तर शेतकऱ्याकडून पॉलिश न केलेलं घ्या. आणि ज्या लॉटमधून ५०० किलो जाणार त्याच लॉटचा नमुना लॅबला द्या, शिसं, अफ्लाटॉक्सिन (बुरशीचं विष), साल्मोनेला (पोट बिघडवणारे जंतू), कृत्रिम रंग, ओलावा आणि कर्क्युमिन (हळदीतला पिवळा घटक) हे सगळं तपासायला सांगा. मसाला बोर्डाच्या स्वतःच्या लॅब आहेत, एनएबीएल मान्यता असलेल्या खाजगीही आहेत. हा खर्च जास्त वाटेल पण करा. शेडमध्येही जिथे मिरची आणि मसाला दळता त्याच पल्वरायझरवर हळद दळत असाल तर निर्यातीच्या लॉटआधी मशीन पूर्ण उघडून साफ करा, चाळणीच्या कडेला आणि खालच्या पिशवीच्या तोंडाशी मिरचीची भुकटी राहते, ती पिवळ्या पावडरीत लाल ठिपक्यासारखी दिसते आणि ग्राहक पहिलं पोतं उघडताच तेच बघतो.

लेबल दुबईच्या नियमाने. अरबीत मजकूर हवा, उत्पादनाची आणि संपण्याची तारीख पाकिटावर छापलेली हवी, आणि दुबईत माल विकायच्या आधी तिथल्या म्युनिसिपालिटीकडे त्या प्रॉडक्टची नोंद करावी लागते जी तिथल्या आयातदाराने करायची असते. म्हणून दाजींना सांगा की त्या सुपरमार्केटवाल्याकडे त्याचं तिथलं ट्रेड लायसन्स मागा आणि तो स्वतःच्या नावाने अन्न आयात करतो का विचारा. करत नसेल तर माल कुणाच्या नावाने सुटणार हा प्रश्न आत्ताच सुटला पाहिजे. भारत आणि यूएईचा व्यापार करार १ मे २०२२ पासून लागू आहे, त्यात सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन दिलं तर आयातदाराला शुल्कात सवलत मिळू शकते, भाव ठरवताना हा मुद्दा तुमच्या बाजूचा आहे, वापरा. भाव एफओबी (भाडं-विमा त्याचा) सांगताय की सीआयएफ (भाडं-विमा तुमच्या भावात धरून) तेही लिहूनच द्या, म्हणजे बोटीचं भाडं आणि विमा कुणाचा यावर नंतर वाद नको.

दिरांच्या मित्राचं. दीर तुमच्या भल्याचंच बोलतायत, त्यांच्यावर रागावू नका. पण नुसतं त्याच्या नंबरावर माल पाठवायचा आणि पैसे मागून आपापसात घ्यायचे हे दोघांनाही धोक्याचं आहे. शिपिंग बिल त्याच्या नावाने, म्हणजे कस्टमच्या दृष्टीने माल त्याचा, पैसे त्याच्या बँकेत यायला हवेत, नाही आले तर बँक आणि रिझर्व्ह बँकेला उत्तर त्याने द्यायचं, मालात काही निघालं तर त्याचा आयईसी अडकतो, आणि तुमच्याकडे त्या दुबईवाल्याकडून पैसे मागायला एकही कागद नाही. सरळ रस्ता असा की त्याची फर्म तुमच्याकडून रीतसर बिलावर हळद विकत घेईल आणि तो मर्चंट एक्स्पोर्टर म्हणून पुढे पाठवेल. अशा विक्रीला जीएसटी फक्त ०.१ टक्का लावता येतो, अटी आहेत, मुख्य म्हणजे बिलाच्या तारखेपासून ९० दिवसांत माल देशाबाहेर गेला पाहिजे, सीएला विचारून करा. तुमचे पैसे तुम्हाला इथेच रुपयांत मिळतात, डोक्याला ताप नाही. तुमच्या कागदांना वेळ लागतोय आणि दुबईवाला थांबत नाहीये असं झालं तर पहिली ऑर्डर अशी पाठवायला माझी ना नाही. पण तो ग्राहक मग त्या मित्राचा होतो हे ध्यानात ठेवून ठरवा.

आणि पैसे. ताई, इथे कुणाच्या भिडेला पडू नका. दाजींची ओळख आहे म्हणून उधारी द्यायची, आणि पैसे अडकले की मावसबहिणीशी बोलणं बंद, हे होऊ देऊ नका. पहिल्या ऑर्डरला निम्मे पैसे आगाऊ मागा आणि उरलेले बँकेमार्फत डॉक्युमेंट्स अगेन्स्ट पेमेंटवर, म्हणजे त्याने पैसे भरल्याशिवाय बँक त्याला मालाचे कागद देत नाही आणि कागदाशिवाय माल सुटत नाही. मात्र हे बोटीने पाठवताना आणि बिल ऑफ लेडिंग, म्हणजे बोटीवरच्या मालाच्या ताब्याचा कागद, बँकेमार्फत जाईल असं करून घेतलं तरच, विमानाने पाठवलं तर एअरवे बिलावर तशी पकड राहत नाही. तो प्रामाणिक असेल तर त्याला यात वावगं काही वाटणार नाही, रोज असेच व्यवहार होतात. पुढे दोन-तीन ऑर्डर झाल्या, विश्वास बसला, मग उधारी द्या आणि तेव्हाही ईसीजीसीचा विमा काढून द्या, १९५७ पासूनची सरकारी कंपनी आहे, परदेशी ग्राहकाने पैसे बुडवले तर भरपाई देते, छोट्या निर्यातदारांसाठीही पॉलिसी आहे. पैसे फर्मच्या खात्यातच आणि बँकिंग चॅनेलनेच यायला हवेत. दाजी म्हणतील मी माझ्या खात्यातून तुमच्या सेव्हिंगला पाठवतो, किंवा गावी आलो की कॅश देतो, अजिबात नको. ते पैसे तुमच्या शिपिंग बिलासमोर जुळत नाहीत, बँकेच्या सिस्टिममध्ये तुमची निर्यात पैसे न आलेली म्हणून उघडी राहते आणि मिस्टर ज्या नोटिशीला घाबरतायत ती नेमकी तिथून येते.

५०० किलो एकदम पाठवायच्या आधी नमुना पाठवा, लॅब रिपोर्टसकट, दोन-तीन किलो कुरिअरने. पुढे कुणी थोडा थोडा माल मागू लागलं तर पोस्टाची डाकघर निर्यात केंद्रं आहेत, आयईसीवर छोटी पार्सलं तिथून रीतसर निर्यात म्हणून जातात, सांगलीच्या हेड पोस्टात चौकशी करा. आणि वेळ मिळाला तर राज्य कृषी पणन मंडळ पुण्यात निर्यात प्रशिक्षणाचे वर्ग घेतं, मिस्टरांना सोबत घेऊन जा, त्यांची भीती तिथे माझ्यापेक्षा जास्त चांगली जाईल.

या आठवड्यात पॅन करेक्शनचा अर्ज टाका आणि बँकेत जाऊन फॉरेक्सची शाखा कुठली ते विचारून या, पॅन येईपर्यंत लॅबचं आणि सेंट्रल लायसन्सच्या कागदांचं बघता येईल. दुबईवाल्याला सांगा की नमुना येतोय, माल नंतर. लेबल छापायला द्यायच्या आधी त्याचा फोटो मला पाठवलात तर तारखा आणि पत्ता नीट आहेत का मी बघून देईन, छापून झाल्यावर पाठवू नका.